शंतनुराव किर्लोस्कर

देवासच्या किर्लोस्कर कारखान्यावरून आपण अनेकदा गेला असाल. त्या नावामागील एका कर्तृत्ववान पुरुषाचा हा परिचय.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूर येथे झाला. लोखंडी नांगर तयार करणारे लक्ष्मणराव हे त्यांचे वडील. त्यांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. शंतनुराव अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये शिकून १९२६ साली अभियंता झाले. १९४६ साली त्यांनी पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. आपला माल परदेशी बाजारातही टिकला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांची इंजिने जर्मनीसारख्या यंत्रप्रवीण देशातही विकली गेली.

त्याच काळात दक्षिण कोरियात शासनाने निर्यातदारांना स्वस्त कर्ज दिले. ह्युंदाई, सॅमसंग मोठ्या झाल्या. आपल्याकडे मात्र उत्पादन वाढविण्यासही परवाना लागे. शंतनुरावांनी या धोरणावर उघड टीका केली, पण कारखाने थांबविले नाहीत. १९६५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९९१ साली बहुतेक उद्योगांची परवान्यातून सुटका झाली, तेव्हा ते ८८ वर्षांचे होते. २४ एप्रिल १९९४ रोजी त्यांचे निधन झाले.

परिस्थिती प्रतिकूल असली तरी कामाचा दर्जा आपल्या हाती असतो, हे त्यांच्या जीवनातून शिकावे.