हॅरिएट पॉवर्स : गोधडीतील कथन

नवेगाव बांधच्या काठावर उभे राहिले की कोलू पाटील कोहळी यांचे स्मरण होते. अठराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला तो तलाव हीच त्यांची साक्ष होय. कागदावर नसलेली निर्मितीही वाचता येते, हे ध्यानात ठेवून आता एका दूरदेशीच्या स्त्रीचे चरित्र पाहा.

हॅरिएट पॉवर्स यांचा जन्म 29 ऑक्टोबर 1837 रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अथेन्स शहराजवळ, गुलामगिरीत झाला. 1855 मध्ये आर्मस्टेड पॉवर्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या या दांपत्याने पुढे थोडी शेतजमीन मिळवली.

1886 मध्ये अथेन्सच्या कापूस-प्रदर्शनात हॅरिएट यांनी आपली गोधडी मांडली. आपल्याकडील वाकळ जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने शिवून तयार होते. त्यांनी मात्र कापडातून माणसे व प्राणी कापून ते मूळ वस्त्रावर जोडले आणि अकरा चौकटींत बायबलमधील कथा मांडल्या. चित्रकलेच्या शिक्षिका जेनी स्मिथ यांनी ती गोधडी विकत मागितली. हॅरिएट यांनी नकार दिला. काही वर्षांनी हलाखी आली, तेव्हा 10 डॉलर मागून अखेर 5 डॉलरवर ती द्यावी लागली. देताना त्यांनी प्रत्येक चौकटीचा अर्थ सांगितला आणि स्मिथ यांनी तो टिपून ठेवला. विकलेली गोधडी पाहण्यासाठी त्या पुढेही अनेकदा गेल्या.

दुसऱ्या गोधडीत पंधरा चौकटी आहेत. तीत बायबलसोबत 1833 चा उल्कावर्षाव आणि 1895 ची कडाक्याची थंडीही येते. उल्कावर्षाव त्यांच्या जन्माआधीचा. म्हणजे ऐकीव स्मृतीही येथे शिवली गेली आहे.

1 जानेवारी 1910 रोजी त्यांचे निधन झाले. आज पहिली गोधडी वॉशिंग्टनच्या, तर दुसरी बोस्टनच्या संग्रहालयात आहे. त्या निरक्षर होत्या, असे दीर्घकाळ मानले गेले. त्यांच्या 1896 च्या पत्राची प्रत उजेडात आल्यावर हा समज ढळला. शिवणाऱ्या हाताला लिहिता येत नसणार, असे आपण किती सहज गृहीत धरतो!

स्वाध्याय : तुमच्या घरातील एखादी गोधडी पाहा. तिच्यात कोणाकोणाची वस्त्रे आहेत, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.