व्हिपल सर्जरी ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते डॉक्टर

एरवी मी इथे फोनच्या कॅमेऱ्यांबद्दल लिहितो. आज एका अशा सर्जनबद्दल सांगतो, ज्यांच्याकडे पोटात डोकावणारा कॅमेराच नव्हता. ॲलन व्हिपल. जन्म १८८१, इराणमधल्या उर्मियात. आईवडील अमेरिकन मिशनरी. पुढे प्रिन्स्टन, कोलंबिया आणि मग न्यूयॉर्कचं प्रेस्बिटेरियन हॉस्पिटल.

आधी जागा समजून घ्या. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी लहान आतड्यात जिथे उघडतात, तिथे छोटासा फुगवटा असतो: अँपुला ऑफ व्हॅटर. तिथे कॅन्सरची गाठ झाली की पित्त अडतं आणि डोळे पिवळे होतात. आता अशा वेळी सोनोग्राफी होते, सीटी स्कॅन होतो, मग तोंडावाटे एंडोस्कोप आत जातो. अँपुला आतड्याच्या भिंतीवर असल्यामुळे या एंडोस्कोपचा कॅमेरा समोर नाही, बाजूला बघतो! तिथूनच तुकडा काढून तपासायला पाठवतात. १९३५ मध्ये एक्स-रे होता, पण त्यात ही गाठ सापडणं कठीण. खात्री करायची तर पोटच उघडावं लागे.

त्या वर्षी व्हिपल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तीन पेशंटवरच्या ऑपरेशनची माहिती छापली. पहिला पेशंट लगेचच दगावला. टाके कॅटगटचे, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेल्या धाग्याचे होते आणि स्वादुपिंडाच्या रसाने ते चक्क पचवून टाकले. मग व्हिपल रेशमी धाग्याकडे वळले. पुढचे दोघं बरेच जास्त जगले.

तरी ऑपरेशन दोन टप्प्यांत करावं लागे. पित्त आतड्यात पोचलं नाही की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, रक्त गोठत नाही आणि पेशंट टेबलावरच रक्तस्रावाने जाऊ शकतो. म्हणून आधी पित्ताला दुसरी वाट करून द्यायची, कावीळ उतरू द्यायची आणि नंतर गाठ काढायची. व्हिटॅमिन के औषध म्हणून मिळू लागलं तेव्हा ही भीती कमी झाली.

१९४० मध्ये जठराचा कॅन्सर समजून त्यांनी एक पोट उघडलं. जठर कापल्यावर कळलं, गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात आहे. आता मागे फिरता येईना. या पेशंटला कावीळ नव्हती, म्हणून त्यांनी सगळं एकाच वेळी उरकलं. पेशंट वाचला. मला तर त्यांचं खरं धाडस इथेच दिसतं.

खरं तर बर्लिनच्या वाल्थर काउश यांनी असं ऑपरेशन १९०९ मध्येच केलं होतं, पण नाव व्हिपल यांचं रूढ झालं. त्यांनी स्वतः आयुष्यभरात अशी ३७ ऑपरेशन्स केली. १९६३ मध्ये ते गेले.

आजही या ऑपरेशनला कित्येक तास लागतात. स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम, पित्ताशय, पित्तनळीचा काही भाग आणि बऱ्याचदा जठराचा तुकडा काढून उरलेलं पुन्हा जोडायचं असतं. अँपुलाची गाठ कावीळ लवकर दाखवते, म्हणून ती पूर्ण काढता येण्याची शक्यता स्वादुपिंडाच्या गाठीपेक्षा जास्त. तेव्हा घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले तर अंगावर काढू नका, सोनोग्राफी करून घ्या. आणि हो, सर्च करताना ‘व्हिपल डिसीज’ आला तर तो सोडून द्या. ते जॉर्ज व्हिपल, वेगळेच डॉक्टर.