शेजारीण जेन ॲडम्स

परदेशातील थोर स्त्रियांची चरित्रे वाचताना पुष्कळदा मनात येते, त्या कुठे आणि आपण कुठे! त्यांची विद्या मोठी, धाडस मोठे. आपण घरचे सारे आवरून तासभर मंडळात येणाऱ्या बायका. अमेरिकेतील जेन ॲडम्स या बाईंचे चरित्र मात्र असे दूरचे वाटत नाही. त्यांचे काम एका शब्दात सांगायचे तर ते शेजारधर्माचे होते. कामावर गेलेल्या बाईचे मूल सांभाळणे, अडलेल्या बाळंतिणीजवळ जाऊन बसणे, गल्लीतला कचरा उचलला गेला की नाही ते पाहणे, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणे, अशीच ती कामे. त्यांतूनच पुढे कायदे झाले आणि सगळ्या जगात त्यांचे नाव झाले.

जेनबाईंचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्यात सीडरव्हिल नावाच्या लहानशा गावी झाला. घर सुखवस्तू होते. वडिलांची पिठाची गिरणी होती, शिवाय ते राज्याच्या विधिमंडळात सभासद होते. अब्राहम लिंकन यांच्याशी त्यांचा स्नेह होता. जेन अवघी दोन वर्षांची असताना आई वारली. पुढे लहानपणीच पाठीच्या कण्याचा क्षय झाला आणि पाठीत थोडा बाक राहून गेला. त्यामुळे ही मुलगी चारचौघांत बुजून असे.

सहा-सात वर्षांची असताना ती एकदा वडिलांबरोबर गिरणीजवळच्या गरीब वस्तीतून चालली होती. इतक्या लहान घरांत एकाला एक लागून माणसे का राहतात, असे तिने वडिलांना विचारले. वडिलांनी समजावून सांगितल्यावर ती म्हणाली की, मोठी झाल्यावर मी मोठे घर घेईन, पण ते मोठ्या घरांच्या ओळीत नव्हे, अशाच लहान घरांच्या मधोमध घेईन. लहान मुले असे पुष्कळ बोलतात. तिने ते खरे करून दाखवले, पण त्याला वीसावर वर्षे लागली.

ती वर्षे सुखाची नव्हती. १८८१ साली रॉकफर्ड येथील शिक्षण पुरे झाले आणि त्याच वर्षी वडील अकस्मात वारले. डॉक्टर व्हावे म्हणून ती वैद्यकीय महाविद्यालयात गेली, पण पाठीच्या दुखण्याने ते सोडावे लागले. वडिलांची मिळकत हाती होती, पोटाची चिंता नव्हती, डोक्यात विद्या होती. आणि करायला काहीच नव्हते. आमच्यासारख्या सातवीपर्यंत शिकलेल्या बायकांना वाटते, आणखी शिकायला मिळाले असते तर किती बरे झाले असते. पण शिकून सवरून रिकामे बसावे लागण्याचे दुःख निराळेच. ते या मुलीने आठ वर्षे सोसले.

मधल्या काळात ती दोनदा युरोपात जाऊन आली. १८८३ साली लंडनच्या पूर्व भागात शनिवारी रात्री चाललेला भाजीचा लिलाव तिच्या पाहण्यात आला. आठवडाभर न खपलेली, नासत आलेली भाजी मिळवण्यासाठी गरीब माणसे हात वर करून बोली बोलत होती. एका माणसाच्या वाट्याला एक कोबी आला, तो त्याने तिथेच न धुता, न शिजवता खाल्ला. ते वर उचललेले हात तिच्या डोळ्यांपुढून कधी गेले नाहीत. दुसऱ्या खेपेस, १८८८ साली, तिने लंडनचे टॉयन्बी हॉल पाहिले. तिथे विद्यापीठातून शिकून आलेले तरुण गरीब वस्तीतच बिऱ्हाड करून राहत होते. असे घर आपणही काढावे, असे तिने आपली मैत्रीण एलन गेट्स स्टार हिच्याशी ठरवले.

शिकागो शहर त्या वेळी झपाट्याने वाढत होते. १८९० च्या शिरगणतीत तेथील वस्ती दहा लाखांवर गेली. कारखान्यांत कामाला इटली, जर्मनी, ग्रीस, रशिया, पोलंड, बोहेमिया, आयर्लंड अशा देशांतून माणसे येत आणि लाकडी घरांच्या दाटीत राहत. अशा वस्तीत हॉलस्टेड नावाच्या रस्त्यावर हल नावाच्या गृहस्थाने १८५६ साली बांधलेले जुने घर होते. एका बाजूस दारूचे दुकान, दुसऱ्या बाजूस मयताचे सामान पुरवणाऱ्याचे दुकान. माळ्यावर भूत आहे असा समज असल्यामुळे भाडेकरू जिन्यावर पाण्याने भरलेले मोठे भांडे ठेवीत. १८ सप्टेंबर १८८९ रोजी या दोघी मैत्रिणी तिथे राहायला आल्या. तेच पुढे प्रसिद्धीस आलेले हल हाउस होय.

त्यांनी प्रथम बालवर्ग काढला. मुलांच्या मागून आया आल्या, आणि आयांबरोबर त्यांच्या घरच्या गोष्टी आल्या. वस्तीत या दोघींना प्रथम जी तीन अपंग मुले आढळली, त्या तिघांनाही आई कामावर असताना इजा झाली होती. एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडले, दुसरे भाजले. तिसऱ्याला आईने तीन वर्षे रोज दिवसभर स्वयंपाकघरातील टेबलाच्या पायाला बांधून ठेवले होते, त्याने त्याच्या पाठीचा कणाच वाकला. दुपारी शेजारच्या कारखान्यातून त्याचा थोरला भाऊ धावत येई, त्याला सोडी आणि दोघे मिळून जेवत. ही आई काही दुष्ट नव्हती. मूल घरी एकटे ठेवून कामाला जाण्याची पाळी आलेल्या बाईला तिची कळ सांगायला नको. जेनबाईंनी तिला उपदेश केला नाही. त्यांनी पाळणाघर काढले.

सगळ्याच गोष्टी साधल्या असे मात्र नाही. गरीब बायका दिवसभर शिवणकाम करतात आणि मुलांना काहीतरी विकतचे खायला घालतात, हे पाहून हल हाउसने सार्वजनिक स्वयंपाकघर उघडले. स्वस्त, पौष्टिक, शास्त्रशुद्ध अन्न! एक बाई मुद्दाम बोस्टनला जाऊन ते शिकून आल्या होत्या. पण गिऱ्हाइके येईनात. देशोदेशींची माणसे ती, ज्याची त्याची चव निराळी. अन्न पौष्टिक आहे हे एका शेजारणीने कबूल केले, पण आपल्याला आवडते तेच आपण खाणार, असेही स्पष्ट सांगितले. आपण स्वयंपाक करणाऱ्या बायकांना यात नवल वाटणार नाही. घरच्या माणसांना काय आवडते ते न विचारता केलेली भाजी पातेल्यातच राहते. जेनबाईंनी यावरून जन्माचा धडा घेतला. लोकांना काय हवे ते आपण आपल्या मनाने ठरवू नये, त्यांना विचारावे. त्याच ठिकाणी मग कॉफीचे उपाहारगृह चालले, कारण लोकांना बसून बोलायला जागा हवी होती.

विचारल्यावर लोक सांगू लागले. कामकरी मुलींना स्वस्त आणि सुरक्षित राहायला जागा हवी होती, म्हणून त्यांची राहण्याची क्लब निघाली. तिचा कारभार मुली स्वतःच पाहत. कोणाला इंग्रजी शिकायचे होते, कोणाला शिवण, कोणाला गाणे. रात्रीचे वर्ग, वाचनालय, संगीतशाळा, नाटकघर, मुलांसाठी क्रीडांगण असे एकेक होत गेले. १९१० च्या सुमारास त्या एका घराच्या तेरा इमारती झाल्या होत्या.

पहिल्याच नाताळात एक गोष्ट घडली. मुलांना मिठाई वाटली, तेव्हा काही लहान मुली ती घेईनात. चौकशी केल्यावर समजले की, त्या मिठाईच्याच कारखान्यात कामाला होत्या आणि सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत काम करून त्यांना मिठाई डोळ्यांसमोर नकोशी झाली होती. नुसती मिठाई वाटून भागणार नाही, हे जेनबाईंना तेव्हा समजले. हल हाउसमध्ये राहायला आलेल्या फ्लॉरेन्स केली यांनी घरोघर चालणाऱ्या शिवणकामाची पाहणी केली, आणि १८९३ साली इलिनॉय राज्यात कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात ठेवण्यास बंदी झाली व कारखान्यांच्या तपासणीची व्यवस्था झाली. बायकांच्या कामाचे आठच तास हे कलम मात्र १८९५ मध्ये न्यायालयाने रद्द केले.

या कायद्याच्या वेळी काही कारखानदारांनी असा निरोप पाठवला की, हा नाद सोडाल तर हल हाउसला पन्नास हजार डॉलर देऊ. जेनबाईंना राग आला, त्याहून लाज अधिक वाटली. आपल्या वडिलांना लाच देऊ करण्याची कोणाची छाती झाली नाही, मग आपल्याला कशी झाली, आपले काय चुकले, असे त्यांच्या मनाला लागून राहिले. पैसे अर्थातच घेतले नाहीत. कायद्याला विरोध फक्त मालकांचाच होता असेही नव्हे. मुलांच्या चार पैशांवर ज्यांची चूल पेटत होती, त्या आयाही रागावल्या. त्यांच्या रागाला जेनबाईंनी कधी नावे ठेवली नाहीत.

आता कचऱ्याची गोष्ट सांगते, कारण ती खास बायकांची आहे. रस्त्यांवर मोठमोठ्या लाकडी कचरापेट्या ठोकलेल्या असत. त्या ओसंडून वाहत, आणि लहान मुले त्यांवरच चढून खेळत. हल हाउसच्या महिला मंडळातील बारा बायकांनी दिवसभराचे घरकाम उरकून गल्ल्या हिंडायचे ठरवले. ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत खात्री करून घेतलेल्या १,०३७ तक्रारी आरोग्यखात्याकडे गेल्या. तरी काम होईना, तेव्हा जेनबाईंनी त्या वॉर्डाचा कचरा उचलण्याचा ठेकाच मागितला! ठेका मिळाला नाही, पण गवगवा एवढा झाला की १८९५ साली महापौरांनी त्यांना वॉर्डाच्या कचरा-निरीक्षक नेमले. सकाळी सहाला उठून त्या गाड्यांच्या मागे जात. एका अरुंद रस्त्यावर तर घाणीच्या थराखाली अठरा इंचांवर फरसबंदी सापडली. बायकांना हे शोभत नाही असे शेजारणींनाच वाटे. आजाऱ्याची सेवा करणे जर बाईचे काम, तर आजार येऊ न देणे हेही बाईचेच काम, असे जेनबाई त्यांना समजावीत. मृत्यूंच्या प्रमाणात शहरात तिसरा असलेला तो वॉर्ड पुढे सातव्या क्रमांकावर आला.

१८९६ साली त्या रशियात टॉल्स्टॉय यांना भेटल्या. त्या वेळच्या रीतीप्रमाणे बाईंच्या पोलक्याच्या बाह्या फुगीर होत्या. टॉल्स्टॉय यांनी बाही धरून सांगितले की, एवढ्या कापडात एका मुलीचा झगा होईल. बाई ओशाळल्या. घरी परत गेल्यावर रोज दोन तास स्वतः भट्टीवर पाव भाजायचा, असे त्यांनी ठरवले. पण परत येऊन पाहतात तो दाराशी माणसे थांबलेली. त्यांना ताटकळत ठेवून आपल्या मनाच्या समाधानासाठी पाव भाजत बसणे त्यांना पटले नाही. तो बेत सोडला.

मला स्वतःला सर्वांत आवडते ती हल हाउसमधील हस्तव्यवसायांच्या संग्रहालयाची गोष्ट. परदेशातून आलेल्यांची मुले शाळेत जाऊन इंग्रजी बोलू लागली की त्यांना डोक्याला रुमाल बांधणाऱ्या आईची लाज वाटू लागे. हे जेनबाईंनी पाहिले आणि १९०० साली या म्हाताऱ्या बायकांना आपापल्या देशच्या रीतीने सूत कातून दाखवायला बोलावले. एक इटालियन मुलगी आईबरोबर एका दाराने येत नसे. एके दिवशी तिने पाहिले की, शिकले-सवरलेले लोक तिच्या आईभोवती उभे राहून तिचे चातीवरचे कातणे कौतुकाने पाहत आहेत. त्या दिवसापासून ती आईच्याच दाराने येऊ लागली. आपल्या मुलांचा अभ्यास आपल्याला सांगता येत नाही म्हणून कितीतरी आया मनातून खट्टू होतात. मुलांना शिकवताना आईचा मान खाली जाऊ नये, हे ध्यानी घेणारी बाई विरळाच.

१८९९ मध्ये शिकागोत अमेरिकेतील पहिले मुलांचे निराळे न्यायालय सुरू झाले, त्यातही हल हाउसच्या बायकांचा मोठा हात होता. पुढे पहिल्या महायुद्धात जेनबाईंनी युद्धाला विरोध केला. १९१५ साली हेग येथे भरलेल्या स्त्रियांच्या शांतता परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. कालपर्यंत डोक्यावर घेणाऱ्या वर्तमानपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरवले, स्नेही दुरावले. त्यांनी मत बदलले नाही आणि वस्तीही सोडली नाही. १९२३ साली जगप्रवासात त्या हिंदुस्थानातही येऊन गेल्या. १९३१ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले; हे मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. २१ मे १९३५ रोजी कर्करोगाने त्यांचा अंत झाला. अंत्यदर्शनाला हजारो माणसे हल हाउसच्या दारी रांगेत उभी होती. त्यांचा देह सीडरव्हिललाच विसावला.

१९६० नंतर विद्यापीठासाठी त्या तेरांपैकी बहुतेक इमारती पाडल्या गेल्या. मूळचे घर आणि जेवणघर एवढे राहिले, तिथे संग्रहालय आहे. त्यांच्या नावाने इतर ठिकाणी चाललेली संस्थाही जानेवारी २०१२ मध्ये पैशाअभावी बंद पडली. वाचून वाईट वाटते. पण मुलांना कारखान्यात न पाठवता शाळेत पाठवावे, चुकलेल्या मुलाला मोठ्या गुन्हेगारांत टाकू नये, कामकरी आईचे मूल सांभाळायला जागा असावी, या गोष्टी आता कोणाला नवीन वाटत नाहीत.

भगिनींनो, वर्धापनदिनी आपण वर्षाचा जमाखर्च मांडतो. किती वर्ग घेतले, किती वह्या वाटल्या, ते अहवालात येतेच. त्याबरोबर यंदा एवढेही पाहू या, की शेजारच्या वस्तीतल्या बायकांना काय हवे ते आपण त्यांच्या उंबऱ्याशी बसून विचारले का. जेनबाईंच्या कामाला तिथूनच आरंभ झाला होता, आणि त्याला पैसा लागत नाही.