एन्झो फेरारींची सोडलेली शर्यत

इटलीतील मोदेना येथे १८९८ साली जन्मलेले एन्झो फेरारी मोटारी विकत, ते मुख्यतः शर्यतींचा खर्च भागावा म्हणून. फ्रान्समधील चोवीस तासांची 'ल मां' शर्यत त्यांच्या मोटारीने १९४९ मध्ये प्रथम जिंकली. पुढे १९६० ते १९६५ अशी सलग सहा वर्षे हा मान फेरारीकडेच राहिला. मात्र १९५७ च्या 'मिले मिलिया'त फेरारी मोटारीच्या अपघातात प्रेक्षकांचाही बळी गेला होता. त्या आरोपातून मुक्त व्हायला त्यांना १९६१ साल उजाडले. १९६९ मध्ये निम्मी मालकी फियाटकडे गेली. दोन आघाड्यांवर लढणे परवडेना, तेव्हा १९७३ अखेर त्यांनी फॉर्म्युला वन राखून दीर्घ पल्ल्याच्या शर्यती सोडल्या. १९८८ मध्ये ते निवर्तले. केवळ शर्यतीसाठी घडवलेल्या प्रोटोटाइप मोटारींच्या सर्वोच्च वर्गात कारखाना परतला तो थेट २०२३ मध्ये, आणि त्याच वर्षी 'ल मां' जिंकली.