पास्कुआल कोन्तुर्सी

पास्कुआल कोन्तुर्सी (१८ नोव्हेंबर, १८८८:चिविल्कोय, आर्जेन्टिना - २९ मे, १९३२:बुएनोस आइरेस, आर्जेन्टिना) हे स्पॅनिश भाषेतील गीतकार व नाटककार होते. टँगो संगीतात कथात्मक भावगीताची परंपरा रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

गीतलेखन

उरुग्वेतील मोन्तेविदेओ शहरात राहत असताना कोन्तुर्सी प्रचलित टँगोंच्या चालींवर शब्द रचून ते कॅबरेमध्ये गात असत. सामुएल कास्त्रियोता यांच्या ‘लिता’ या रचनेवर त्यांनी लिहिलेले गीत कार्लोस गार्देल यांनी १९१७मध्ये ‘मि नोचे त्रिस्ते’ (माझी दुःखी रात्र) या नावाने ध्वनिमुद्रित केले.

प्रेम आणि गृहसौख्य

त्यापूर्वीच्या अनेक टँगो गीतांचा नायक आपल्या मर्दुमकीची बढाई मारणारा असे. कोन्तुर्सींचा नायक मात्र प्रेयसी सोडून गेल्यावर दार उघडे ठेवून तिची वाट पाहतो आणि माते या पेयाबरोबर खायची बिस्किटे पूर्वीप्रमाणेच घरी आणतो. खोलीतील आरसा, दिवा व गिटारही तिच्या विरहाने खिन्न झालेली दिसतात. संसारसुखाचे थेट वर्णन गीतात फारसे नाही; ते हरपल्यावर मागे राहिलेल्या वस्तूंमधून त्याची जाणीव होते. हा विषय पुढे टँगो गीतांमध्ये रूढ झाला.

अखेरचा काळ

कोन्तुर्सी १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये होते. तेथे मानसिक आजार जडल्याने त्यांना मायदेशी आणण्यात आले. वयाच्या ४३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र होसे मारिया कोन्तुर्सी हेही नामवंत टँगो गीतकार होते.