मुक्या जिवांच्या रुक्मिणीदेवी

रुक्मिणीदेवी अरुंडेल म्हटले की भरतनाट्यम आठवते, 1936 साली त्यांनी उभारलेले मद्रासचे कलाक्षेत्र आठवते. मला मात्र त्या राज्यसभेतल्या अधिक भावतात. 1952 साली तिथे नेमणूक झाल्यावर त्यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध स्वतः विधेयक मांडले. पंडित नेहरूंनी सरकारी कायद्याचे आश्वासन दिले, तेव्हाच ते मागे घेतले. 1960 साली कायदा झाला. 1962 साली प्राणी कल्याण मंडळ आले, त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. 1977 साली चालून आलेले राष्ट्रपतिपदही त्यांनी नाकारले. 1986 साली त्या गेल्या.

त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला ठेवलेला दंड मात्र जास्तीत जास्त 50 रुपयांचा! एवढ्याने चाबूक कसा थांबावा? कुत्र्यावर उगारलेला पोराच्या हातातला दगड आपणच, घरातल्या मोठ्यांनी, काढून घ्यायला हवा.