खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

सांगली जिल्ह्यातील मिरज हे शहर तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. याच शहरी अब्दुल करीम खाँ या थोर गवयाने आपल्या आयुष्याची बरीच वर्षे घालविली. त्यांचा जन्म १८७२ साली उत्तर हिंदुस्थानातील कैराना या गावी झाला. घराणे गवयांचे, म्हणून गाण्याचे शिक्षण त्यांना घरीच मिळाले. काही काळ बडोद्याच्या दरबारी राहून पुढे ते मिरजेस आले.

खाँसाहेबांचा आवाज नाजूक, पण अतिशय सुरेल होता. तंबोऱ्याची तार जराशी उतरलेली असली तरी त्यांना ती खपत नसे. वाद्य बिघडले, तर ते स्वतःच दुरुस्त करीत.

त्या काळी कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर सांगलीस संगीताचा अभ्यास करीत होते. जुन्या ग्रंथांत एका सप्तकात बावीस श्रुती, म्हणजे स्वरांमधील बारीक पायऱ्या, सांगितल्या आहेत. त्या नेमक्या कोणत्या, याविषयी पंडितांचे एकमत नव्हते. नुसत्या पोथ्या चाळून हे कोडे सुटणार नव्हते. प्रत्यक्ष गाणाऱ्याला विचारणे भाग होते. देवलांनी खाँसाहेबांचे साहाय्य घेतले.

त्या वेळचे गवई आपली विद्या जिवापलीकडे जपत आणि परक्यापुढे सहसा उघडी करीत नसत. खाँसाहेब मात्र आपला गळा पारखून घेण्यास तयार झाले. देवलांपाशी दोन तारांचे एक वाद्य होते. एक तार षड्जात लावून ठेवायची. गवयाने एखादा स्वर धरला, की दुसऱ्या तारेखालची घोडी सरकवीत तोच स्वर मिळवायचा आणि मग तारेची लांबी मोजायची. ३६ इंच तारेवर षड्ज निघाला, तर २४ इंचांवर पंचम निघतो आणि १८ इंचांवर वरचा षड्ज. तंबोऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार २८.८ इंचांवर येतो. विलायती पेटीतील गंधार त्याहून किंचित चढा असतो. चांगल्या गवयाला पेटीची साथ का खटकते, ते यावरून कळते.

देवलांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले. साताऱ्यास न्यायाधीश असलेले क्लेमेंट्स हे इंग्रज गृहस्थही या शोधात सामील झाले आणि १९१३ साली त्यांनी हिंदी संगीतावर ग्रंथ लिहिला. बावीस श्रुतींची एक निराळी पेटीही तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून मोठा वाद माजला. पंडित भातखंडे यांना हे मोजमाप मान्य नव्हते. तो वाद पुढेही मिटला नाही.

खाँसाहेब वादात फारसे रमले नाहीत. त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढून शिष्य तयार केले. सवाई गंधर्व हे त्यांचेच शिष्य. दक्षिणेतील गवयांकडूनही त्यांनी पुष्कळ घेतले. त्यागराजांची एक कृती त्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित आहे.

१९३७ सालच्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीस जाताना त्यांना वाटेत बरे वाटेनासे झाले. सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले. तेथेच तंबोरा जुळवून त्यांनी ईश्वराची प्रार्थना गाइली आणि देह ठेवला. त्यांचे शव मिरजेस आणून ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात दफन केले. तेथील उरुसात दरवर्षी गवई जमतात व गातात.